विजेची मालकी आणि बाबासाहेब

मालकी आणि कार्यक्षमता यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी अचलपूरकरांना अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडण्याची गरज कधी पडली नाही. तो धडा त्यांना शकुंतलेने दिला. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ या नॅरोगेज मार्गावरील ही गाडी वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराच्या वाटेला लावण्यासाठी जन्माला आली. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने १९१० मध्ये उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे मार्गाची मालकी होती. गाडी चालविण्याचे काम मात्र आधी जी.आय.पी. रेल्वेकडे आणि पुढे मध्य रेल्वेकडे होते. स्वातंत्र्य आले, देशातील रेल्वे सरकारची झाली, तरी ही मालकी अनेक दशके तशीच राहिली. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून थेट एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर राबत होते. ज्याचे रूळ होते त्याला नवा पैसा घालण्याचे प्रयोजन नव्हते आणि जो गाडी चालवीत होता त्याला दुसऱ्याच्या रुळांवर पैसा ओतण्यात रस नव्हता. गाडी मंदावत गेली आणि अखेर थांबली.

भांडवल कोणाचे, निर्णय कोणाचा आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न रुळांच्या बाबतीत वेळीच सुटला नाही. विजेच्या बाबतीत मात्र तो देशातील वीज उद्योग बाल्यावस्थेत असतानाच एका माणसाने नेमक्या शब्दांत मांडला होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत सार्वजनिक बांधकामे व विद्युतशक्ती यांविषयीच्या धोरण समितीपुढे अध्यक्ष या नात्याने त्याने भाषण केले. हा माणूस म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. घटनेचे शिल्पकार, अस्पृश्यांचे उद्धारकर्ते, धर्मांतराचे प्रणेते या रूपांत बाबासाहेब महाराष्ट्राला परिचित आहेत. देशाच्या वीजधोरणाचा पाया घालणारे मंत्री ही त्यांची ओळख मात्र अजूनही अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी पोहोचलेली नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले आणि शिक्षण मुंबईत झाले. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी.ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तिथल्या भुयारी गाड्या, उंच इमारतींतील उद्वाहक आणि रस्त्यांवरचे दिवे विजेवर चालत होते. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाकडे त्यांनी सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास केला. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली. हा माणूस मुळात अर्थशास्त्रज्ञ होता आणि राज्याच्या तिजोरीचा हिशेब हा त्याच्या व्यासंगाचा विषय होता, हे लक्षात घेतल्यावाचून त्यांच्या वीजविचाराची संगती लागत नाही.

या विचाराचे बीज १९१८ च्या एका निबंधात सापडते. भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय हा त्याचा विषय होता. जमिनीचे तुकडे एकत्र करून मोठे वाफे पाडले की शेती फायद्याची होईल, असे त्या काळी अनेक तज्ज्ञ मानत. बाबासाहेबांनी हे मत खोडून काढले. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीला जोडलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावर ते ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. भारतीय शेतीत भांडवल तुटपुंजे आहे आणि माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत. म्हणून शेतीच्या दुखण्यावरचा खरा उपाय शेतीबाहेर, औद्योगिकीकरणात आहे, या निष्कर्षापर्यंत ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी येऊन पोहोचले होते. पंचवीस वर्षांनी वीज खाते हाती आले तेव्हा हाच धागा त्यांनी पुढे नेला. औद्योगिकीकरणावाचून गरिबीचे चक्र तुटणार नाही आणि विजेवाचून औद्योगिकीकरण होणार नाही.

तळे सार्वजनिक, पाणी मात्र नाही

मालकीच्या प्रश्नाची दुसरी बाजू त्यांना पुस्तकांनी नव्हे, महाडने दाखवली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात संमत झाला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले असल्याचे जाहीरही केले. कागदावर तळे सर्वांचे झाले होते. प्रत्यक्षात मात्र अस्पृश्यांना त्यातून एक ओंजळ पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि तो हक्क बजावला. त्यापुढचा न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. मालकी सार्वजनिक आहे एवढ्याने सेवा सार्वजनिक होत नाही, त्यासाठी मागता येईल असा हक्क आणि तो बजावता येईल अशी यंत्रणा लागते, हा महाडचा बोध होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते अमरावतीला आले. अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न तेव्हा वऱ्हाडात पेटला होता आणि त्या पार्श्वभूमीवर भरलेल्या वऱ्हाडातील अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. अमरावतीपासून पन्नासेक किलोमीटरवर, गाविलगडच्या पायथ्याशी वसलेले अचलपूर तेव्हा एलिचपूर म्हणून ओळखले जात असे. कापूस, सरकी काढणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि विणकर ही त्या परिसराची अर्थव्यवस्था होती. कापूस वऱ्हाडात पिके, पण त्याच्या कापडाचा नफा बहुतांशी अन्यत्र जमा होई. शेतमजूर आणि बलुतेदार यांच्या हाताला वर्षातील कित्येक महिने काम नसे. १९१८ च्या निबंधातील अतिरिक्त श्रमशक्ती ही काही अमूर्त कल्पना नव्हती.

मुंबईत बाबासाहेब १९३४ पर्यंत परळच्या चाळीत राहत होते. भोवतीच्या गिरण्या सह्याद्रीच्या पाण्यावर तयार झालेल्या विजेवर फिरत होत्या. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. खाजगी भांडवल किती मोठे काम किती सफाईने करू शकते याचा तो उत्तम नमुना होता. मात्र या भांडवलाला दोन गोष्टींचा आधार होता. गिरण्यांच्या रूपाने हमखास आणि एकवटलेले ग्राहक शेजारीच होते. शिवाय धरणांसाठी सरकारी कायद्याने जमिनी संपादन करून मिळत होत्या, ज्याविरुद्ध मुळशीत सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. खाजगी भांडवल कार्यक्षम असते, पण कोणत्या अटींवर आणि कोणासाठी, हा प्रश्न मुंबईच्या झगमगाटातही शिल्लकच होता. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या कार्यक्रमात, जनहितासाठी आवश्यक तिथे उद्योगांची मालकी आणि व्यवस्थापन राज्याने घ्यावे, हे तत्त्व म्हणूनच आले.

पाच प्रश्न

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मजूर खाते हे त्याचे नाव असले, तरी खाणी, सार्वजनिक बांधकामे, पाटबंधारे आणि विद्युतशक्ती हे विषयही त्यात येत होते. महायुद्ध ऐन भरात होते. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समित्या स्थापन झाल्या आणि वीजविषयक धोरण समितीची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्या वेळी देशातील वीजपुरवठ्याचे चित्र विस्कळीत होते. म्हैसूर संस्थानाने १९०२ मध्येच शिवसमुद्रमला सरकारी वीजगृह उभारले होते. मद्रास आणि पंजाब या प्रांतांनीही तिसाव्या दशकात स्वतःच्या जलविद्युत योजना हाती घेतल्या. मुंबई, कलकत्ता यांसारख्या शहरांत खाजगी कंपन्यांचे राज्य होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात अमरावती, अकोला अशा शहरांना १९१० च्या वीज कायद्याखाली परवाना मिळालेल्या खाजगी कंपन्या वीज पुरवीत.

परवानाधारक कंपनीची दृष्टी तिच्या परवान्याच्या सीमेपर्यंतच पोहोचणार, हे उघड होते. शहरातील बाजारपेठ, वकिलांचे बंगले, सरकारी कचेऱ्या, एखादी गिरणी एवढे ग्राहक मिळाले की तिचे भागत असे. एका खेड्यासाठी मैलोगणती तारा ओढण्यात तिला परतावा दिसत नव्हता, आणि त्याबद्दल तिला दोष देताही येत नव्हता. परवान्याची मुदत संपल्यावर उद्योग विकत घेण्याचा हक्क सरकारने वा स्थानिक संस्थेने राखून ठेवलेला असे. मुदत जवळ येऊ लागली की नवी यंत्रे घेण्यात कंपनीचे मन कचरणे स्वाभाविक होते.

याचा परिणाम केवळ खेड्यांच्या अंधारापुरता मर्यादित नव्हता. प्रत्येक गावाचे वीजगृह वेगळे असल्याने एकूण व्यवस्थाच खर्चिक ठरत होती. वीज साठवून ठेवता येत नाही. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हाची मागणी भागेल एवढी यंत्रे ठेवावी लागतात आणि दिवसा ती रिकामी राहतात. एखादे यंत्र बिघडले तर पर्याय म्हणून दुसरे हाताशी ठेवावे लागते. जिनिंगचा हंगाम हिवाळ्यात, पंपांची गरज पिकाच्या वेळापत्रकानुसार, दिव्यांची गरज रोज रात्री. या वेगवेगळ्या गरजा एका जाळ्यात जोडल्या तर तेवढ्याच यंत्रांवर अधिक वीज मिळते आणि तिचा दर उतरतो. हे जाळे विणायचे तर एका शहरापुरते पाहणारा मालक पुरेसा नसतो. ब्रिटनने १९२६ मध्ये केंद्रीय विद्युत मंडळ नेमून नेमके हेच केले. वीजगृहे कंपन्यांच्या आणि नगरपालिकांच्या ताब्यात राहिली. त्यांना जोडणारे जाळे सार्वजनिक मंडळाने उभारले. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी खोऱ्यात सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि खाजगी कंपन्यांच्या दरांची तुलना करायला एक मापदंड उपलब्ध झाला.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांनी समितीपुढे पाच प्रश्न ठेवले. विजेची मालकी खाजगी असावी की राज्याची? खाजगी असेल तर लोकहिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी घालाव्यात? विकासाची जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? केंद्राची असेल तर स्वस्त आणि मुबलक वीज मिळावी, साधनांची उधळपट्टी टळावी, यासाठी कारभाराची रीत कोणती? आणि प्रांतांची असेल तर त्यांच्यात मेळ घालणारे आंतरप्रांतीय मंडळ हवे की नको?

या प्रश्नांची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. राष्ट्रीयीकरणाकडे त्यांचा कल होता हे उघड असले, तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी गृहीत धरले नाही. कोणत्या व्यवस्थेतून वीज स्वस्त आणि मुबलक मिळेल, ही कसोटी त्यांनी लावली. स्वस्त पण थोडी वीज उपयोगाची नाही. मुबलक पण महाग वीजही नाही. मालकीचे समर्थन तत्त्वज्ञानाने नव्हे, फळाने व्हावे असा अर्थशास्त्रज्ञाचा दंडक त्यामागे होता. पहिल्या प्रश्नाला लगेच जोडून त्यांनी अटींचा दुसरा प्रश्न विचारला, याचे महत्त्व पुढे पन्नास वर्षांनी कोकण किनाऱ्यावर सर्वांना कळले.

धोरणाकडून कायद्याकडे

१९४५ मध्ये धोरण समितीने दिशा ठरविली. ज्या भागात परवानाधारक कंपनी नाही तिथे वीजविस्तार राज्याने वा निमसरकारी संस्थेने जोमाने हाती घ्यावा. राज्य वाजवी काळात पुढे येणार नसेल तर खाजगी उद्योगाला दार बंद करू नये. ज्या मुलखाकडे कंपन्या फिरकत नव्हत्या त्याच्यासाठी हा निर्णय कळीचा होता. तिथे वीज आणायची तर परताव्यासाठी वीस-तीस वर्षे थांबू शकणारे भांडवल हवे होते, आणि ते राज्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे नव्हते.

दरम्यान १९४४ च्या अखेरीस केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ आणि १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग अस्तित्वात आला. आयोगाचे पहिले अध्यक्ष अ. ना. खोसला होते. टेनेसी खोऱ्यात काम केलेल्या वूर्डुइन या अभियंत्याने दामोदर खोऱ्याचा प्राथमिक आराखडा तयार केला. पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणाऱ्या या योजनेसाठी बाबासाहेबांनी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात, तर महानदीसाठी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकला परिषद घेतली. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये कायद्याने स्थापन झाले. केंद्र, बंगाल आणि बिहार या तिघांची मालकी, पण दैनंदिन कारभार स्वतंत्र महामंडळाकडे, असे त्याचे स्वरूप होते. सरकारी खात्याची दिरंगाई टाळावी आणि खाजगी कंपनीची संकुचित दृष्टीही टाळावी, हा त्यामागील हेतू होता.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी मजूर खाते सोडले. पुढच्या वर्षी घटना समितीपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या मसुद्यात त्यांनी मालकीचा प्रश्न अधिक ठामपणे मांडला. पायाभूत आणि कळीचे उद्योग राज्याच्या किंवा राज्याने स्थापन केलेल्या महामंडळांच्या मालकीचे असावेत. संपादनाचा मोबदला कर्जरोख्यांच्या रूपात द्यावा. आणि हे सारे निवडणुकीनुसार बदलणाऱ्या बहुमतावर न सोडता घटनेतच नमूद करावे, असे त्यांनी सुचविले. राज्याने भांडवल पुरविल्यावाचून ना शेती सुधारेल ना उद्योग वाढेल, हे त्यांचे प्रतिपादन होते. घटनेने ते स्वीकारले नाही. विजेचा विषय मात्र समवर्ती सूचीत राहिला.

स्वातंत्र्याच्या वेळी देशाची स्थापित वीजक्षमता अवघी १३६२ मेगावॅट होती आणि वीज पोहोचलेली खेडी दीड हजाराच्या आसपास होती. मजूर खात्यात ज्याची पूर्वतयारी झाली होती तो वीजपुरवठा कायदा सप्टेंबर १९४८ मध्ये अमलात आला. तेव्हा विजेचे खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. या कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा केला. मंडळांनी शक्यतो तोट्यात चालू नये असेही त्यात नमूद होते. खाजगी कंपन्या बंद झाल्या नाहीत, पण त्यांचा नफा गुंतविलेल्या भांडवलाच्या ठरावीक प्रमाणात बांधला गेला. १९४३ च्या दुसऱ्या प्रश्नाचे ते उत्तर होते. त्यात एक उणीवही होती. भांडवल जितके अधिक दाखवावे तितका नफा अधिक, असे सूत्र असल्याने काटकसरीची प्रेरणा क्षीण होते. अॅव्हर्च आणि जॉन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये हा दोष सिद्धांतरूपाने मांडला.

जुन्या मध्य प्रदेशाने १९५० मध्ये वीज मंडळ स्थापन केले. अशी मंडळे स्थापन करणाऱ्या पहिल्या राज्यांत त्याची गणना होते. राजधानी नागपूर होती आणि वऱ्हाडासह अचलपूरही तेव्हा त्याच राज्यात होते. नागपूरजवळ खापरखेड्याचे औष्णिक केंद्र उभे राहिले आणि कोळशाच्या विजेचे जाळे पश्चिमेकडे सरकू लागले.

या काळात बाबासाहेब कायदामंत्री होते. नियोजनाचे खाते मिळावे अशी त्यांची इच्छा होती. तसे आश्वासन मिळूनही ते दिले गेले नाही, ही खंत त्यांनी १९५१ मध्ये राजीनामा देताना बोलून दाखविली. ज्याने वीज आणि जलनियोजनाची चौकट आखली त्याला पंचवार्षिक योजनांच्या काळात त्या कामापासून दूर राहावे लागले. १९५२ ची लोकसभा निवडणूक आणि १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक, दोन्ही ते हरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच्या अठराच दिवस आधी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि १९६१ मध्ये अकोला जिल्ह्यातील पारसला औष्णिक वीज निर्माण होऊ लागली. खाजगी परवानाधारकांचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने मंडळाकडे आले. ज्या खेड्यांकडे कंपन्यांनी कधी पाहिले नसते तिथे खांब उभे राहिले, विहिरींवर पंप बसले. सार्वजनिक भांडवलाचा हा मोठा विजय होता. पण त्याच मालकीने दुसरे दुखणे आणले. मंडळ सरकारचे, त्यामुळे दर मंत्रालयात ठरू लागले. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी झाली आणि वीज किती खपली, किती चोरीला गेली, किती तारांमध्ये वाया गेली, याचा हिशेबच धूसर झाला. तोट्यात चालू नये हे कायद्याचे कलम कागदावर राहिले. हिशेब नसलेल्या मालकीची किंमत ग्रामीण विदर्भाने २००० नंतरच्या दशकात तासन्‌तासांच्या भारनियमनाने मोजली.

उलट बाजूचा अनुभव दाभोळने दिला. १९९३ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनप्रणीत कंपनीशी खरेदी करार केला. मालकी खाजगी होती, परंतु वीज घेण्याचे बंधन मंडळावर होते आणि त्याला सरकारी हमी होती. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. नफा खाजगी आणि जोखीम सार्वजनिक असेल तर खाजगी मालकीतून कार्यक्षमता उपजत नाही. २००३ च्या वीज कायद्याने १९४८ चा कायदा रद्द केला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या वेगळ्या सरकारी कंपन्या झाल्या. वितरण क्षेत्रात समांतर परवाना देण्याच्या हालचालींविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप पुकारला, तेव्हा १९४३ चा पहिला प्रश्न पुन्हा रस्त्यावर आला.

या साऱ्यात चवदार तळ्याचा बोधही पुन्हा भेटतो. गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकरण झालेले मानायचे, अशी व्याख्या १९९७ पर्यंत प्रचलित होती. शिवारातील एका पंपाला वीज मिळाली की गाव यादीत चढे. वस्ती अंधारात असली तरी चालत असे. २००४ मध्ये व्याख्या बदलली. गावठाणाबरोबरच दलित वस्तीपर्यंतही रोहित्र आणि तारा पोहोचल्या पाहिजेत, सार्वजनिक ठिकाणी वीज हवी आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी हवी, अशी अट आली. सरकारी मालकीच्या विजेला वस्तीची वेस ओलांडायला स्वातंत्र्यानंतर सत्तावन्न वर्षे आणि एक लेखी अट लागली.

आज वऱ्हाडात दोन्ही प्रकारच्या मालकीची वीजगृहे शेजारीशेजारी आहेत. पारसला महानिर्मितीचे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला खाजगी कंपनीचे १३५० मेगावॅटचे केंद्र आहे. भांडवल खाजगी असले तरी त्याला लागणारे पाणी अप्पर वर्धा या सार्वजनिक धरणातून येते, आणि त्या वाटपावरून शेतकऱ्यांनी आंदोलनही केले. कोणती मालकी अधिक कार्यक्षम, याबद्दल जगभरच्या तुलनात्मक अभ्यासांतून एकमुखी निकाल निघालेला नाही. जिथे नियामक दक्ष, हिशेब उघडा आणि जोखीम ज्याची त्याच्याकडे, तिथे दोन्ही प्रकार यशस्वी झाले आहेत. जिथे हे नाही, तिथे दोन्ही फसले आहेत.

बाबासाहेबांचे पुतळे आज गावोगावी आहेत आणि रात्री त्यांच्यावर दिवेही लागतात. त्या दिव्यांपर्यंत वीज आणणाऱ्या व्यवस्थेचा आराखडा त्यांच्या कार्यालयात सुरू झाला होता, याची आठवण मात्र क्वचितच निघते. मालकी बदलण्याचा निर्णय जेव्हा जेव्हा होईल, मग तो खाजगीकरणाचा असो वा सरकारीकरणाचा, तेव्हा त्यांची कसोटी लावून पाहावी. या बदलाने वीज स्वस्त होईल का, मुबलक होईल का, आणि अचलपूर तालुक्यातील शेवटच्या वस्तीतील शेवटच्या घराला ती हक्काने मागता येईल का? उत्तर होकारार्थी नसेल, तर मालकाचे नाव बदलून काहीही साधणार नाही.